खाल्ली तरी चालेल अशी फरशी

आमच्या घरात पाहुण्यांना दाखवण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे फरशी. पांढरीशुभ्र, आरशासारखी चकचकीत. तिच्यावर उभं राहिलं की खाली आपण स्वतःच उलटे लटकलेले दिसायचो, आणि पाहुणे 'वा' म्हणायचे. या 'वा'चं मला फार अप्रूप होतं, कारण आयुष्यात माझी म्हणावी अशी निवड फारशी झालेली नाही. शाळा वडिलांनी निवडली, नोकरीने मला निवडलं, आणि लग्नाचा निर्णय समोरच्या पक्षाने घेऊन मला कळवला. फरशी मात्र मी निवडली होती. बायको तिला 'तुमची फरशी' म्हणायची, विशेषतः पुसताना.

या फरशीला पहिला आक्षेप घेतला तो एका सशाने.

ससा माझ्या सासऱ्यांचा. सासरेबुवा शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी पाठीचा कणा अजून नोकरीत आहे. सासूबाई गेल्यावर ते आपल्या गावी एकटेच राहत होते, आणि सोबतीला म्हणून शेजाऱ्याने दिलेला हा राखाडी ससा होता. घरातल्या प्रत्येक वस्तूची वास घेऊन, आणि मग चावून, जातीने चौकशी करतो म्हणून त्याचं नाव कारभारी. बायकोने कितीतरी वेळा विनवण्या केल्या तेव्हा कुठे सासरेबुवा एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात सशाची टोपली घेऊन आमच्या दारात उभे राहिले. चौकटीला हात टेकून त्यांनी आत पाहिलं.

"छान आहे फरशी," ते म्हणाले. मी मनातल्या मनात फुललो.

"बाबा, आता इथंच राहायचं," बायको म्हणाली.

"आठ-पंधरा दिवस म्हणून आलोय. कारभाऱ्याला इथं मानवलं तर पुढचं बघू. नाही मानवलं तर आम्ही दोघं आपले परत."

म्हणजे मुलगी इकडे डोळ्यांत पाणी आणून विनवतेय, जावई हात जोडून उभा आहे, आणि निकाल सशाकडे राखून ठेवलेला. त्याच संध्याकाळी बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं. "बाबांना आता मी एकटं राहू देणार नाही. ससा इथं रमला पाहिजे. काय वाटेल ते करा." लग्नाला इतकी वर्षं झाली, मी इथं रमलोय का असं तिने मला कधी विचारलेलं नाही, पण ते असो.

कारभारी काही रमायची लक्षणं दिसेनात. पहिल्याच दिवशी तो टोपलीतून उडी मारून बाहेर आला आणि चारी पाय चार दिशांना पाठवून दिवाणखाना आडवा पार करत थेट सोफ्याखाली गेला. हे त्याने स्वखुशीने केलेलं नव्हतं. बाहेर काढल्यावर त्याने खाली पाहिलं, तर तिथे दुसरा एक ससा उलटा उभा. त्यानंतर तो जो सासरेबुवांच्या खोलीत जाऊन त्यांच्या पलंगाजवळच्या घडी घातलेल्या रजईवर बसला, तो तिथून हलेना. गवत तिथेच, पाणी तिथेच. सासरेबुवाही मग त्याच्या सोबतीला खोलीतच जेवू लागले. "त्याला एकट्याला जेवण जात नाही," ते म्हणायचे. मधूनच हाक यायची, "अगं, कारभाऱ्याचं भांडं रिकामं झालंय. येताना मलाही ग्लासभर आण." संध्याकाळी मी म्हणायचो, बाबा, गॅलरीत बसू या, वारा छान आहे. तर म्हणायचे, "कारभाऱ्याला वारा सोसत नाही." इतका नाजूक ससा मी पाहिला नव्हता. अर्थात मी आधी कुठलाच ससा पाहिला नव्हता.

आठवड्याने त्याचे तळवे लाल दिसायला लागले म्हणून आम्ही प्राण्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी कारभाऱ्याला उताणा धरून पाय पाहिले आणि मला विचारलं, "घरी फरशी कशी आहे?"

"उत्तम," मी म्हणालो. "आरशासारखी."

"तेच," डॉक्टरबाई म्हणाल्या. फरशीबद्दल 'वा' सोडून दुसरा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. सशाच्या पंजाला मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. गुळगुळीत जमिनीवर पाय धरत नाही. एकदा घसरला की त्याच्या मनात भीती बसते. मग तो जागचा हलत नाही, आणि हलला नाही की पोट बिघडतं. हे सगळं त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "न घसरणारं, मऊ, ओल न धरणारं काहीतरी अंथरा. आणि मुख्य म्हणजे खाल्लं तरी चालेल असं पाहिजे."

"खाल्लं तरी?"

"तो चावणार. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, त्याला चावावंच लागतं. प्लास्टिक, फोम, गालिच्याचे धागे पोटात गेले की अडकतात. आणि सशाला उलटी होत नाही, हे लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवलं. मी एका मोठ्या ऑफिसच्या खरेदी विभागात आहे. टाचणीपासून जनरेटरपर्यंत काहीही आणायचं असलं तरी आमची एक पद्धत आहे: आधी गरज निश्चित करायची, मग नमुने मागवायचे, मग ज्याला ती वस्तू वापरायची आहे त्याच्याकडून चाचणी घ्यायची, आणि एवढं सगळं झालं की साहेबांच्या मेहुण्याकडून घ्यायची. शेवटची पायरी वगळून हीच पद्धत घरी वापरायची असं मी जाहीर केलं. बायको म्हणाली, "तुमच्या ऑफिसात पंखा यायला दोन उन्हाळे गेले होते." मी तिकडे दुर्लक्ष केलं.

पण आपण पद्धतशीर काही करायला लागलो की शेजाऱ्यांना राहवत नाही. आमच्या शेजारी एक पुलांचे इंजिनियर राहतात. त्यांनी दारातूनच परिस्थितीची पाहणी केली आणि म्हणाले, "तुमची दिशाच चुकतेय. एका सशासाठी अख्खी फरशी बदलणार? ससा बदला." मी दचकलो. "म्हणजे सशाचे पाय हो. मोजे घाला त्याला. तान्ह्या बाळांचे मिळतात, खाली रबराचे ठिपके असलेले."

मोजे आणले. चार मोजे चार पायांत चढवायला तीन मोठी माणसं लागली. मी धरणार, बायको चढवणार आणि सासरेबुवा पलंगावरून सूचना देणार. "मागचा डावा. मागचा डावा म्हणतोय मी." कारभाऱ्याने क्षणभर स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते मी फक्त ऑडिटरच्या डोळ्यांत पाहिलंय. मग त्याने शांतपणे एकेक मोजा दाताने ओढून काढला आणि माझ्या पुढ्यात टाकला.

त्यानंतर मेव्हणीने तिच्या मुलांच्या लहानपणीचे फोमचे चौकोन पाठवले, एकमेकांत अडकवायचे, वर प्राण्यांची चित्रं असलेले. डॉक्टरबाईंनी फोमचं नाव घेऊन बजावलं होतं, हे मला आठवत नव्हतं असं नाही. पण चौकोन जाडजूड होते, आणि घरातल्या घरात आलेल्या वस्तूला आमच्या विभागात फार कडक नियम लावत नाहीत. कारभारी वर चढला, दोन पावलं चालला, आणि खोलीत आनंदीआनंद झाला. बायकोने मला चहा करून दिला. तो पिऊन होईस्तोवर वाघाचा एक कान आणि हत्तीची निम्मी सोंड नाहीशी झालेली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने गवताला तोंड लावलं नाही. पाठ फुगवून, डोळे मिटून बसून राहिला. डॉक्टरबाईंनी औषध दिलं, पोट चोळायला सांगितलं आणि मला काहीच बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सासरेबुवांनी त्याला मांडीवर घेतलं आणि दिवसभर ते त्याचं पोट चोळत बसले, पाठ ताठ ठेवून. मी दारात जाऊन उभा राहत होतो आणि परत येत होतो. मला खरंच फार वाईट वाटलं. एवढासा जीव, आपल्या भरवशावर आलेला, आणि आपण त्याला हत्तीची सोंड खाऊ घातली.

कारभारी त्यातून उठला. कोथिंबिरीची एक काडी त्याने ओढून घेतली तेव्हा बायको रडली, आणि मी गॅलरीत जाऊन बराच वेळ लांबच्या इमारती पाहिल्या. पण संध्याकाळी सासरेबुवांनी मला बोलावून घेतलं.

"जावईबापू, तुम्ही खूप केलंत. पण कारभाऱ्याला इथलं मानवत नाही. महिनाअखेरीस आम्ही निघतो."

बायकोला हे सांगितलं. तिने ओटा घासायला घेतला, आणि घासून झालेला ओटा पुन्हा घासला. माझ्या ध्यानात आलं की आता हे काम खरेदी विभागाच्या इभ्रतीवर सोडून चालणार नाही.

मी रजा टाकली आणि फरश्यांच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथला विक्रेता टाय लावलेला, अतिशय नम्र. संगमरवर दाखवला, लाकडाचे पट्टे दाखवले. प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारत होतो आणि तो कसा विचारावा हे मला कळत नव्हतं. शेवटी आवाज खाली आणून विचारलं, "ही खाल्ली तर चालते का?"

"खाल्ली म्हणजे, वाळवीने?"

"नाही. घरच्या माणसाने. म्हणजे घरातच राहतो तो."

विक्रेत्याचा चेहरा बदलला नाही, हे त्याच्या धंद्याचं शिक्षण. "साहेब, पंचवीस वर्षांची गॅरंटी आहे," तो हळूच म्हणाला, "पण खाल्ल्यास ती लागू राहणार नाही." मग घाईघाईने मी तो ससा असल्याचा खुलासा केला. त्याने मान हलवली, पण त्याचा विश्वास बसला नसावा, कारण निघताना त्याने मला दाराशी गाठून सांगितलं की त्याच्या आतेभावालाही माती खायची सवय होती, औषधाने गेली.

तरीही मी नमुने घेऊन आलो. या दुकानातून, त्या दुकानातून, जिथून मिळतील तिथून हातभर लांबी-रुंदीचे तुकडे गोळा केले: रबर, बूच, काथ्या, लाकडाची फळी, न चकाकणारी खरखरीत फरशी, गवताची विणलेली चटई. सासरेबुवांच्या खोलीच्या दारापासून गॅलरीच्या दिशेने ते एका ओळीत मांडले, मध्ये पाऊलभर अंतर ठेवून, म्हणजे चाचणी देणाऱ्याला प्रत्येक नमुन्याचा स्वतंत्र अनुभव यावा. रबर, बूच आणि काथ्या यांच्यावर कोणाचं तरी लक्ष असतानाच कारभाऱ्याला सोडायचं, असा कडक नियम केला. आता मी शहाणा झालो होतो.

कारभारी पहिल्या तुकड्यावर आला, तो होता फळीचा, आणि तिच्यावर त्याने मागचा पाय धाडकन आपटला. सशांना काही पसंत नसलं की ते पाय आपटतात. त्याने दिवसभर अधूनमधून आपटला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि त्यांच्यामागून सोसायटीचे सेक्रेटरी.

"दुपारभर कोणीतरी खिळे ठोकतंय," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, यांच्याकडे कोणाचं लग्न-बिग्न ठरलं, मांडव घालतायत."

सेक्रेटरींनी नमुन्यांची ओळ पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांत चमक आली. आमचे सेक्रेटरी नियमांवर प्रेम करणारे आहेत. "फरशी बदलताय? अर्ज कुठाय? पाहणी कुठाय?" अर्ज लगेच भरायला बसलो तर त्यात 'घरातील प्राणी' म्हणून फक्त कुत्रा आणि मांजर. ससा म्हणून सोयच नाही. "मांजर करा," सेक्रेटरी म्हणाले. मी म्हणालो, खोटं कसं लिहू. ते म्हणाले, मग कुत्रा करा. तासभर वाद घालून आम्ही 'मांजर (लांब कानांचे)' यावर समेट केला. पाहणीला समिती घेऊन यायला त्यांनी पुढच्या आठवड्यातला दिवस दिला. महिनाअखेर जवळ येत चालली होती. या भाषेत 'ससेमिरा' हा शब्द ज्याने घडवला त्याच्या घरी ससा आणि सोसायटी दोन्ही असणार, याबद्दल माझी खात्री आहे.

मग ती दुपार आली. ऑफिसातली वीज गेली म्हणून आम्हाला लवकर सोडलं. बायको बाहेर गेली होती. मी किल्लीने दार उघडलं, बूट काढले आणि हातात घेऊन आत पाऊल टाकणार, तोच थबकलो.

सासरेबुवा दिवाणखान्यात होते. माझ्याकडे पाठ होती. एक हात भिंतीवर पसरलेला. ते फळीच्या तुकड्यावर उभे होते. त्यांनी एक पाय उचलला, पुढच्या रबरावर ठेवला, दाबून पाहिला, मग दुसरा पाय आणला. मग बूच. मग काथ्या. ओढा ओलांडताना माणूस दगडावरून दगडावर जातो तसे ते जात होते, आणि दोन तुकड्यांमधल्या पाऊलभर चकचकीत फरशीकडे बघत होते. त्यांच्या मागे, खोलीच्या उंबऱ्यावर, कारभारी बसून पाहत होता. शेवटचा तुकडा गवताच्या चटईचा. तिथून गॅलरीचं दार चार पावलांवर होतं. सासरेबुवा चटईवर पोचले आणि तिथे उभे राहिले. गॅलरीत ऊन आलं होतं. त्यांनी बराच वेळ त्या उन्हाकडे पाहिलं. मग हळूहळू, तुकड्या-तुकड्यावरून, ते परत फिरले.

मी दार आवाज न करता ओढून घेतलं. खाली जाऊन उगाच इमारतीला एक चक्कर मारली, आणि परत येताना बेल वाजवली. "थांबा, आलो," असा आतून आवाज आला, आणि दार उघडायला त्यांना जो वेळ लागला तो मी पहिल्यांदा समजून घेतला. इतके दिवस मला वाटत होतं की मास्तरांना कशाचीच घाई नसते.

सगळं लक्षात आलं. खोलीतलं जेवण, ते ग्लासभर पाणी, तो न सोसणारा वारा. सशाला भीती वाटत होतीच, पण घरात घाबरलेले ते दोघं होते आणि तक्रार एकाच्याच नावाने येत होती. ज्या माणसाने हजारो मुलांना ताठ चालायला शिकवलं तो 'मला तुमच्या घरात चालायची भीती वाटते' असं जावयाला कसं सांगेल? मीही सांगितलं नसतं. मी तर घसरून पडलो असतो आणि फरशीची तारीफ केली असती.

बायकोला सांगितलं तेव्हा ती हातातलं काम टाकून खाली बसली. "मला कसं कळलं नाही," एवढंच म्हणत राहिली. मग उठली ती थेट बाबांच्या खोलीकडे. मी तिचा हात धरला.

"काय बोलणार आहेस?"

"काय म्हणजे? विचारते. जवळ बसते."

"आपल्याला कळलंय हे त्यांना कळलं, तर महिनाअखेरीची वाट बघणार नाहीत, उद्याच निघतील. जे करायचं ते सशासाठी करायचं."

ती मागे फिरली. "तुम्हाला बरं सुचलं हे," ती म्हणाली. दुखावलेला मान कसा सांभाळायचा, या विषयात मी तज्ज्ञ आहे, हे तिला इतक्या वर्षांनी समजलं.

पाहणीच्या दिवशी समिती आली: सेक्रेटरी, तक्रारदार म्हणून काकू, आणि तांत्रिक सल्लागार म्हणून इंजिनियर. दाराबाहेर चपला-बूट काढले. सेक्रेटरींच्या पायांत मोजे होते, काखेत फाईल होती. काकू उंबऱ्यातच थांबल्या, त्या शहाण्या. सासरेबुवा आपल्या खोलीच्या दारात चौकटीला धरून उभे होते.

"या फरशीत दोष काय आहे?" सेक्रेटरी म्हणाले. "सुस्थितीतली फरशी काढायला समिती परवानगी देत नाही. मला तर ही उत्तम..." एवढं बोलत ते मधोमध गेले आणि दिसेनासे झाले. म्हणजे आम्ही सगळे ज्या उंचीवर बघत होतो तिथे दिसेनासे झाले. ते खाली बसलेले होते, फाईल मात्र काखेतच.

सेक्रेटरींनी चष्मा सारखा केला. "मी मुद्दाम बसलो," ते म्हणाले. "पाहणी सगळ्या बाजूंनी करावी लागते."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला पण आवरेना. तेवढ्यात खोलीच्या दारातून सासरेबुवांचा गंभीर आवाज आला, "बरोबर आहे त्यांचं. सशाच्या उंचीवरून पाहिल्याशिवाय अंदाज येत नाही."

सेक्रेटरींनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या दोघांमध्ये जी काही ओळख झाली ती मला फार आवडली. मग इंजिनियर आधार द्यायला पुढे सरसावले, आणि त्यांनीही सशाच्या उंचीवरून पाहणी केली. परवानगीची सही तिथेच, बसल्या-बसल्या झाली. शेऱ्यात सेक्रेटरींनी लिहिलं: 'मांजराच्या जिवास धोका. काम तातडीने करावे.'

मी न चकाकणारी, पाय धरणारी फरशी निवडली, सगळ्या घरभर. सासरेबुवांना सांगितलं, "डॉक्टरबाई म्हणतात, वरून गवताची चटई टाकली तरी खालची जमीन धरणारी पाहिजे, नाहीतर चटईच सरकते आणि कारभारी पुन्हा घाबरतो." ते म्हणाले, "अरे वा. एवढं बारीक बघतात?" चटई तर कारभाऱ्याने स्वतःच मंजूर केली होती. चाचणीत त्याने तिचा एक कोपरा खाल्ला, आणि आम्ही तो नमुना बगलेत मारून डॉक्टरबाईंकडे धावलो. त्यांनी पाहिलं, वास घेतला: रंग नाही, नायलॉनचा दोरा नाही, नुसतं गवत. "खाऊ दे," त्या म्हणाल्या. मला त्या पहिल्यांदाच हसताना दिसल्या.

काम सुरू झालं तसं सासरेबुवा आणि कारभारी इंजिनियरांकडे राहायला गेले. तिथे कारभाऱ्याने एका जाड रहस्यकथेची शेवटची पानं खाल्ली. खुनी कोण ते इंजिनियरांना अजून कळलेलं नाही आणि ते मला अधूनमधून विचारतात, जणू ससा माझ्याशी बोलतो. इकडे माझी पांढरी फरशी नव्या फरशीखाली गेली. गवंडी शेवटचा चौकोन बसवत होता तेव्हा मी तिथे उभा होतो. तिच्यात माझा चेहरा दिसला, आणि मग दिसला नाही. थोडं लागलं मनाला. नाही म्हणणार नाही.

महिनाअखेरीच्या दिवशी सकाळी सासरेबुवांची बॅग भरलेली होती. आदल्या रात्रीच दोघं इंजिनियरांकडून परतले होते, कारभारी टोपलीत आणि सासरेबुवा भिंतीच्या कडेकडेने. खोलीच्या दाराशी बॅग ठेवून त्यांनी कारभाऱ्याला टोपलीत घालण्यासाठी उचललं, आणि मग, काय वाटलं कोण जाणे, त्याला खाली चटईवर सोडलं.

कारभारी बसला. वास घेतला. चटईची एक काडी चावून पाहिली. मग चटई सोडून तो नव्या फरशीवर उतरला, एक पाऊल, दोन पावलं, आणि थांबला. घसरला नाही. पुढे गेला. आणि मग त्याला काय झालं देव जाणे, तो धावत सुटला, दिवाणखाना या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मध्येच हवेत उडी मारून अंग वळवून भलत्याच दिशेला उतरला. ससे आनंद झाला की असं करतात, हे डॉक्टरबाईंनी आम्हाला नंतर सांगितलं. पण ते सांगायची गरज नव्हती.

सासरेबुवा त्याच्याकडे पाहत होते. त्यांनी चौकटीवरचा हात काढला. एक पाऊल टाकलं, तळवा दाबून पाहिला. दुसरं टाकलं. भिंत त्यांच्या उजव्या हाताला होती, पण हात तिकडे गेला नाही. पाठ ताठ, नजर समोर, ते दिवाणखान्याच्या मधून चालत गेले, गॅलरीचं दार उघडलं आणि बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले.

आम्ही दोघं जागचे हललो नाही. बायकोने माझा दंड घट्ट धरला होता. थोड्या वेळाने तिने आवाज सारखा करून विचारलं, आम्ही ठरवल्याप्रमाणेच विचारलं, "बाबा, मग कारभाऱ्याचं काय ठरलं? मानवलं का त्याला?"

सासरेबुवा वळले नाहीत. गॅलरीच्या कठड्यावर त्यांनी दोन्ही हात ठेवले होते.

"त्याचं त्याला विचार," ते म्हणाले. "मी राहतोय."

बायको धावतच गॅलरीत गेली. मी मागे राहिलो, कारण कोणीतरी सशाकडे बघायला हवं होतं. कारभारी खोलीच्या दाराशी जाऊन भरलेल्या बॅगेचा पट्टा मन लावून कुरतडत होता. पट्टा चामड्याचा होता, त्याच्या पोटाला चालला नसता. मी त्याच्या तोंडातून पट्टा काढून घेतला, बॅग आत नेऊन कपाटावर टाकली, आणि त्याला चटईचा कोपरा दिला.